मफिनचं नाव राहून गेलं

मी डोनेगनचा टाइपरायटर. शिकागोच्या एका सायंदैनिकात खडखडाट करण्यात माझी हयात गेली, आणि त्यात धडधडीत खोटंही आलं.

आमच्याकडची रीतच तशी होती. बातमीदार बाहेरून फोनवर हकीकत सांगायचा आणि डोनेगन जागचा न हलता ती माझ्यावर रंगवायचा. एका दुपारी फोन आला. लाँड्रीतली स्टेफा कुबियाक वाऱ्यानं उडालेली टोपी पकडायला गेली आणि नदीत पडली. लाँड्रीतल्याच मफिन नावाच्या कुत्र्यानं तिला काठाला ओढलं.

"पोरीनं पुलावरून उडी मारून कुत्र्याला वाचवलं, हे वाचायला बरं," असं म्हणून डोनेगननं बोटं चालवली. एरवी फीत गुंतवून रुसून बसणारा मी त्या दिवशी एकदाही अडलो नाही. तेच माझ्या मनाला खातं.

दुसऱ्या दिवसापासून स्टेफाच्या दारात ही गर्दी! साबणाच्या वेष्टनावर तिचा फोटो आला. महापौरांनी जाहीर केलं, की रविवारी तिनं पुलावरून पुन्हा उडी मारून दाखवावी. कुत्र्याला मात्र बांधून ठेवा, बुडेल बिचारा, असंही लोकांनी बजावलं.

स्टेफा आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "साहेब, मला पोहता येत नाही हो. बुडाले, तर तेही असंच छान लिहाल का?"

डोनेगन वरमला. त्यानं खरी हकीकत माझ्यावर उतरवली. संपादकांनी कागद ओढून चुरगळला. "शहराला देवी मिळालीय, आणि तू तिला परत कपडे धुवायला पाठवतोस?"

रविवारी डोनेगन मफिनला कोटाखाली दडवून पुलावर गेला. गर्दीच्या रेट्यानं स्टेफानं डोळे मिटून उडी मारली आणि गटांगळ्या खाऊ लागली. मफिननं मागोमाग झेप घेतली आणि सगळ्यांदेखत तिला कॉलर धरून काठाला आणलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक एकमेकांना सांगत होते, "पाहिलंत? पुन्हा वाचवलं तिनं त्याला."

"अहो, यानं मला काढलं," स्टेफा कळवळून सांगत राहिली. किती ही नम्रता, म्हणत महापौर गहिवरले आणि पदक तिच्या गळ्यात पडलं. मफिन शेजारी अंग झटकत उभा होता.

हे सगळं डोनेगननं मला परत येऊन सांगितलं. त्या दिवशीची बातमी त्यानं लिहिली नाही, ती शेजारच्या टेबलावर लिहिली गेली. लोकांचे डोळे मी बिघडवले, हे काही माझ्या मनातून जात नाही.

आता मी जुन्या बाजारात एका दुकानाच्या खिडकीत पडून आहे. माझी निम्मी बटणं रुतलेली आहेत. तरी कुणी मला घरी नेलंत, तर पहिल्या ओळीत मफिनचं नाव लिहा. तेवढ्यासाठी मी अडणार नाही.