पहिल्या पानावरची सासू

वाचनालयातल्या चर्चेला कादंबरीकार सासूबाईंना सोबत घेऊनच आली, कारण त्यांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. त्यांचं पथ्य, औषधं, अंघोळ असं सगळं उरकून ती व्यासपीठावर टेकली, तेव्हा तिला साहित्यापेक्षा झोपेचं अप्रूप जास्त वाटत होतं.

शेजारच्या कवयित्रीने आपल्या नव्या कविता वाचल्या, मग तिच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या कादंबरीत सासू पहिल्याच पानावर मरते आणि सून मग जगभर हिंडते. बिचारीला मारायची एवढी घाई का?"

खरं उत्तर सोपं होतं. सासू जगली असती, तर सुनेला उंबरठा ओलांडायला सवडच मिळाली नसती. पण पहिल्या रांगेत सासूबाई कान टवकारून बसल्या होत्या. मग ती कथानकाची गरज वगैरे काहीबाही पुटपुटली. लोकांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी तेवढी डोलावली नाही.

परतताना दोघी टॅक्सीत बसल्या. आता आपली खैर नाही, हे सुनेला कळत होतं, पण भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"रागावलात?" शेवटी तिनेच विचारलं.

"मेले त्याचं काही नाही गं," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण पुढच्या पुस्तकात जरा उशिरा मार. बाहेर पडल्यावर काय काय दिसतं, ते मलाही बघायचंय."