समुद्राने ठेवून घेतलेले चेंडू

"पाप! पाप! पाप!" दर्याबाबांचा शिष्य घसा फोडून ओरडला आणि किनाऱ्यावर जमलेल्या दोन-तीनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. शिंप्याच्या धाकट्या भावाने फेकलेला, त्याचं नाव कोरलेला लाल लाकडी चेंडू किनाऱ्याकडे यायचं सोडून खुशाल आत समुद्रात निघाला होता. बघता बघता त्याचा ठिपका झाला आणि तो ठिपकाही दिसेनासा झाला.

वाळूत मांडी घालून बसलेल्या बाबांनी सुस्कारा सोडला. "समुद्र खारट का झाला? जगाची पापं पोटात घालून घालून! निष्पापाचा चेंडू तो परत देतो, पाप्याचा ठेवून घेतो. निकाल त्याचा. मी तर नुसता त्याचा कारकून!"

शिंप्यावर मात्र या कारकुनाचा अंमल भलताच चालला. गल्ल्यातला पैसा भावानेच लांबवला, अशी त्याची खात्री पटली आणि त्याच संध्याकाळी त्याने सख्ख्या भावाला दुकानाबाहेर काढलं.

गर्दीत मावशीही उभ्या होत्या. मावशी म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं परीक्षानळ्या धुणारी बाई. मुलं, मास्तर, मुख्याध्यापक, सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या नणंदेची सोन्याची बांगडी हरवली होती. संशय होता मावशींच्या सुनेवर, कारण ती घरात नवी. पुढच्या रविवारी तिचा निकाल लागायचा होता.

"आई, टाकू दे ना तिला चेंडू," त्या रात्री घरी मुलगा म्हणाला. "मन साफ असेल तर येईलच परत."

"आणि नाही आला तर?"

मुलाने मान खाली घातली. "आत्या म्हणते, माहेरी पाठव."

स्वयंपाकघरात सून भांडी घासत होती. तिच्या हातातलं पातेलं थांबलं आणि मग दुप्पट जोराने घासलं जाऊ लागलं.

मावशींना रागही आला आणि भीतीही वाटली. चेंडू आत जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण मनात काहीतरी खुपत होतं. असंच काहीतरी आपण आधी पाहिलंय! सोमवारी त्या तडक भूगोलाच्या बाईंकडे गेल्या. या बाई दर महिन्याला नववीच्या वर्गाला किनाऱ्यावर नेत, खुणा केलेल्या दोन काठ्यांनी वाळूचा उतार मोजायला लावत आणि लाटांमध्ये संत्री टाकून ती कुठे जातात याचा नकाशा काढून घेत. काठ्या आणि संत्र्यांची पिशवी वाहायला मावशी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी, गेल्या खेपेला आपली संत्री कुठे गेली?"

"काही पायाशी आली, काही आत गेली."

"मग आत गेलेल्या संत्र्यांनी काय पाप केलं होतं?"

मावशी इतक्या हसल्या, की हातातल्या परीक्षानळ्या किणकिणल्या.

शनिवारी बाईंनी वर्ग किनाऱ्यावर नेला. "लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. ते परत जाणार कुठून? पाण्याखाली वाळूचा लांब बांध असतो. त्याला जिथे खिंड पडते, तिथून ते पाणी जोरात आत निघतं. बांधावर लाटा फुटतात, तिथे पांढरा फेस दिसतो. खिंडीत लाटा फुटत नाहीत, तिथलं पाणी गडद आणि शांत दिसतं. शांत दिसतं म्हणून पोहायला तिथे कधीही उतरायचं नाही, हे वहीत लिहा. वाळू सरकते, तशी खिंडही सरकते. म्हणून दर वेळी नव्याने मोजायचं."

मुलांनी शांत पाण्यात संत्री टाकली. ती आत गेली, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे रेंगाळली, आडवी वाहत गेली आणि अर्ध्या तासाने काळ्या खडकांमागच्या वाळूवर निवांत येऊन लागली.

मावशींनी कपाळावर हात मारला. "बाई! मग पाप्यांचे चेंडूही इथेच यायला हवेत की!"

त्यावर नववीच्या पोरींचे डोळे असे चमकले, की बाईंना त्यांना आवरणं कठीण गेलं.

रविवारी मावशी किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी पोचल्या. बाबांचा शिष्य त्यांच्याही आधी आला होता. तो जागोजागी पाण्यात काटक्या टाकत होता आणि डोळे बारीक करून बघत होता. एक काटकी आत गेली, तिथे त्याने वाळूत हळूच शिंपला रोवला.

गर्दी जमली. बाबांनी काठीने वाळूत गोल काढला, बरोब्बर शिंपल्यापाशी. "सूनबाई, उभी राहा इथे!"

सून पुढे आली, तेवढ्यात मावशींनी तिला मागे ओढलं. "थांबा बाबा. आधी सासूचा मान!" त्यांनी पिशवीतून स्वतःच्या नावाचा चेंडू काढून भिरकावला. तो आत गेला.

"पाप!" शिष्य ओरडला. मावशींच्या मुलाचा चेहरा पडला. नणंदेने तोंडाला पदर लावला.

"हो का?" मावशींनी पिशवीतून दुसरा चेंडू काढला. पोरींनी आदल्या संध्याकाळी त्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं, दर्याबाबा. "आता हा कारकुनाचा." त्याच गोलातून त्यांनी तो फेकला. तोही डुलत डुलत आत निघाला.

शिष्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "पाप?" आणि हशा उसळला.

"अपवित्र हातांनी फेकला!" बाबा गरजले.

"असेल. सूनबाई, तू चाळीस पावलं उजवीकडे जा. तो पांढरा फेस दिसतोय ना, तिथून टाक." सुनेने टाकला. दुसऱ्याच लाटेने तो तिच्या पायाशी आणून ठेवला. मग मावशी तिथेच उभ्या राहिल्या आणि मघाच्या त्याच पापी हातांनी आणखी एक चेंडू फेकला. तोही परत आला.

"माणूस नका बघू, जागा बघा!" भूगोलाच्या बाई पुढे येऊन म्हणाल्या. "आणि ठेवून घेतलेले चेंडू बघायचे असतील तर माझ्यामागून या."

वळसा घालून सगळे पोचेपर्यंत अर्धा तास गेला. खडकांमागे, वाहून आलेले चेंडू गोळा करायला ठेवलेला बाबांचा मेहुणा मांडीवर पोतं घेऊन बसला होता आणि नववीच्या दहा पोरी त्याच्याभोवती कडं करून उभ्या होत्या. वाळूवर मावशींचा चेंडू येऊन लागलेला, त्याच्या शेजारी बाबांचा. पोतं उलटं केलं तेव्हा लाल चेंडूंचा ढीग पडला, प्रत्येकावर नाव कोरलेलं. महिनाभर ज्यांना ज्यांना समुद्राने पापी ठरवलं, त्या सगळ्यांची नावं तिथे होती. मोलकरीण, वॉचमन, एक विधवा बहीण, एक म्हातारे सासरे.

शिंप्याने त्यातला एक चेंडू उचलला. भावाचं नाव वाचलं. मग चेंडू हातात घेऊनच तो भावाच्या मित्राच्या खोलीकडे चालू लागला. भाऊ हल्ली तिथे राहत होता.

बाबा मात्र एव्हाना कुणालाच दिसले नाहीत. काठी तेवढी वाळूत पडली होती.

नणंद अजून घुश्शात होती. "ते सगळं खरं. पण मग माझी बांगडी गेली कुठे?"

"मला माहीत नाही, वन्सं," मावशी म्हणाल्या. "समुद्रालाही माहीत नाही. चला घरी, गाद्या झाडू, कपाटं हलवू. नाही सापडली तर पोलिसांत जाऊ. पण पुरावा हातात नसताना कुणा पोरीला चोर म्हणायचं नाही. आणि माझं खरं वाटत नसेल, तर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. इथे यायचं, दोन संत्री फेकायची आणि ती कुठे जातात ते स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत बघायचं. अर्ध्यावरून घरी जायचं नाही, एवढंच."