आपली रक्कम सुरक्षित आहे

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संगणक खोलीत खिडकीजवळच्या सातव्या टेबलावर जो काळा हेडफोन लटकलेला असतो, तो मी. मी आता जुना झालो आहे. माझ्या उजव्या कानाचा स्पंज नवा आहे, डाव्याचा जुनाच आहे. तोंडापुढे येणारी माइकची दांडी एकदा मोडली होती, ती चिकटपट्टीने जोडलेली आहे. परवा तुमच्यापैकीच एका मुलीने मला डोक्यावरून काढलं आणि ती बाईंना म्हणाली, "बाई, यात काहीतरी टिकटिकतंय." बाईंनी मला कानाला लावलं, वायर हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "वायर सैल झाली असेल. दुसरा घे."

माझी वायर सैल झालेली नाही. ती टिकटिक कुठून येते ते मला ठाऊक आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय ती थांबणार नाही असं मला वाटतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे रोज हजार बनत. एका बाईने माझ्या कानांत स्पंज बसवले आणि दुसरीने माइकवर हलकी फुंकर मारून मला तपासलं. ती फुंकर म्हणजे माझ्यातून गेलेला पहिला आवाज. मग खोक्याच्या अंधारात बरेच दिवस गेले. खोकं उघडलं ते एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान होतं, त्यामुळे दुपार झाली की आमच्या हॉलभर रबराचा वास पसरे. एका कंपनीने तिथे तक्रार विभाग उघडला होता. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीपुढे संगणकाचा एक पडदा आणि पडद्याशेजारी आमच्यापैकी एक जण.

कंपनीचं काम सोपं होतं. लोकांनी मोबाईलवर खऱ्या खेळाडूंतून आपल्या पसंतीचा संघ निवडायचा आणि प्रवेश फी भरायची. खऱ्या सामन्यात ते खेळाडू जसे खेळतील, तसे गुण मिळत. ज्याच्या संघाचे गुण सर्वांत जास्त, त्याला बक्षीस.

मला ज्यांच्या डोक्यावर जागा मिळाली, त्यांना सगळे साखरताई म्हणत. वय चाळिशीचं, आवाज असा की रागाने फोन केलेला माणूस दोन वाक्यांत विरघळावा. नवरा गेल्यावर सासू आणि दोन मुली असं घर त्या एकट्या ओढत होत्या. रोज सकाळी त्या मला ओल्या फडक्याने पुसत, माझी वायर सरळ करत आणि मगच कामाला बसत. सुटी झाली की मला खुंटीला अडकवत, टेबलावर कधी आपटत नसत. सगळ्या हॉलमध्ये माझ्याइतका लाड कोणाचा झाला नसेल.

पहिलं वर्ष आनंदाचं होतं. जिंकणाऱ्याला तासाभरात पैसे मिळत. लोक नुसते आभार मानायला फोन करत. एका आजोबांनी तर जिंकलेल्या पैशांतून काय घ्यावं, ते साखरताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आजींना विचारा, नाहीतर घ्याल ते परत करायला लागेल." आजोबा हसले ते माझ्या दोन्ही कानांत किती वेळ घुमत राहिलं. त्या वर्षी साखरताईंना उत्तम आवाजाचं बक्षीस मिळालं. मीही मनात फुगलो. शेवटी तो आवाज माझ्यातूनच जात होता.

मग कंपनीला मोठं व्हायची घाई झाली. छोट्या स्पर्धा मागे पडल्या, मोठ्या आल्या. एका प्रवेशाला पन्नास हजार आणि पहिल्या क्रमांकाला अठरा लाख. रस्तोरस्ती जाहिराती लागल्या. आणि हळूहळू माझ्या कानांत येणारे आवाज बदलले. आता आभार नसत. "पैसे कधी येणार?" एवढंच असे.

आमच्या टीम लीडरने प्रत्येकीच्या टेबलावर एक छापील कागद चिकटवला. कोणी पैसे विचारले, तर त्यावरचीच वाक्यं बोलायची. पहिलं वाक्य, 'बहात्तर तासांत आपलं काम होईल.' दुसरं, 'आपल्या खात्याची तपासणी सुरू आहे.' आणि शेवटचं, 'आपली रक्कम सुरक्षित आहे.' तो स्वतःही पगाराची तारीख विचारली की बहात्तर तासच सांगे. हॉलमधल्या मुलींनी त्याचं नावच बहात्तर ठेवलं.

त्याच दिवसांत घड्याळवाल्या काकांचा पहिला फोन आला.

ते घड्याळं दुरुस्त करत. एका बाजारपेठेत त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं मिळून दुकान होतं. फोन ते दुपारी करत, गिऱ्हाईक कमी असे तेव्हा. ते बोलायच्या आधीच मला दुकान ऐकू येई. भिंतीवरची, कपाटातली, टेबलावर उघडी पडलेली वीस-पंचवीस घड्याळं एकदम टिकटिकत असत. मग त्यातून त्यांचा सावकाश आवाज येई, "काही कळलं का, ताई?"

काकांनी मोसमातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली होती. घड्याळाचं चक्र तपासावं तसे ते सहा महिने खेळाडू तपासत बसले होते. कोण थकलाय, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण कुठल्या मैदानावर घाबरतो, सगळं त्यांनी वहीत मांडलं होतं. संघ अचूक लागला आणि पहिला क्रमांक आला. पण प्रवेशाचे पन्नास हजार त्यांनी दुकानाच्या खात्यातून काढले होते, भावाला न विचारता. जिंकल्यावर त्यांनी स्वतःहून ते भावाजवळ कबूल केलं आणि मोबाईलवर विजेत्यांच्या यादीतलं आपलं नाव दाखवलं. तिसऱ्या दिवशी कंपनीने ते नाव यादीतून काढलं आणि खातं बंद केलं. कारण काय, तर 'संशयास्पद हालचाल'.

"ताई, मी एकच खातं उघडलं, एकच संघ लावला," काका म्हणत. "यात संशय कसला?"

साखरताईंनी पडद्यावर त्यांचं खातं पुन्हा पुन्हा पाहिलं. एकदा काकांचा फोन ठेवल्यावर त्यांनी टीम लीडरला बोलावलं. "सर, यांच्या खात्यात चूक काहीच दिसत नाही."

तो खाली वाकला. त्याचा दबका आवाज माझ्या माइकजवळ आला. "चूक नाही, म्हणून तर शोधायची आहे. अठरा लाख आहेत, ताई."

"पण ते पैसे ठेवलेलेच असतील ना?"

"जाहिरातीत गेले. पुढच्या मोसमात लोक फी भरतील, तेव्हा यांचं बघू. तोवर कागद वाचा."

मित्रांनो, त्या दिवसापासून साखरताईंना खरं काय ते माहीत होतं आणि मलाही. पण घरी सासूचं औषध होतं, मुलींच्या फिया होत्या. त्या कागद वाचत राहिल्या. मला दोन कान आहेत, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं तर माझ्याइतकं सोपं कोणाला असेल. पण तसं झालं नाही. सगळं माझ्या स्पंजात मुरत गेलं. हॉल रिकामा झाल्यावर मी खुंटीला लटकून असे आणि कोणीही न बोलता मला ऐकू येई, "काही कळलं का, ताई?"

एका दुपारी काका म्हणाले, "पैसे राहू द्या, ताई. माझा भाऊ इथेच आहे. तुमच्या पाया पडतो, मी जिंकलो होतो एवढंच त्याला सांगा. त्याला वाटतं मी काहीतरी लबाडी केली."

फोन भावाच्या हातात गेला. त्याचा आवाज तरुण आणि कोरडा होता. "मी यांचा धाकटा भाऊ. मला बाकी काही नको. दादा खरंच जिंकला होता का?"

टीम लीडर मागेच उभा होता आणि तोही कानाला हेडफोन लावून हाच फोन ऐकत होता. साखरताईंचा श्वास माझ्या माइकवर आपटला. मग त्यांच्या त्या साखरेच्या आवाजात माझ्यातून वाक्य गेलं. "सर, संशयास्पद हालचाल आढळल्यामुळे खात्याची तपासणी सुरू आहे. आपली रक्कम सुरक्षित आहे."

"म्हणजे नाही," भाऊ म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर कितीतरी दिवस काकांचा फोन आला नाही. साखरताई दुपार झाली की पाण्यालाही उठत नसत. शेवटी एकदा फोन आला. पण मागची टिकटिक निम्मीच होती.

"तक्रार करायला फोन केलेला नाही," काका म्हणाले. "धाकट्याने दुकानाच्या मधोमध फळी ठोकली. अर्धी घड्याळं तिकडे गेली. बरोबरच आहे त्याचं. तुमचा आवाज इतका चांगला आहे, ताई, तुमचंच त्याला खरं वाटलं."

माझ्या डाव्या कानावर साखरताईंचा हात आला आणि त्यांनी मला घट्ट दाबून धरलं. मग त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला.

"काका, तुमचा भाऊ फळीपलीकडे आहे का?"

"असेल."

"फोनचा आवाज मोठा करा आणि फळीला लावा."

खडखड झाली. मग साखरताई बोलल्या. यावेळी आवाजात साखर नव्हती, तो खरखरीत होता. "तुमचा दादा पहिला आला होता. त्यांनी काहीही लबाडी केलेली नाही. त्यांचे अठरा लाख कंपनीने दुसरीकडे खर्च केले. मला हे माहीत होतं आणि तरी त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

काकांनी हळूच विचारलं, "ऐकतोयस ना रे?" उत्तरात आली नुसती टिकटिक, आता दोन्ही बाजूंची. तेवढ्यात टीम लीडरचा हात आला आणि त्याने माझी वायर उपटली. दांडी मोडली ती त्याच झटक्यात. साखरताईंनी मला डोक्यावरून काढलं, वायर नीट गुंडाळली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या हातचं ते शेवटचं गुंडाळणं.

पुढे फार काळ गेला नाही. तक्रारी वाढल्या, मालकाने कानांवर हात ठेवले आणि मग एक दिवस तोच दिसेनासा झाला. हॉलला कुलूप लागलं. माझ्यावर धूळ बसली, उजवा स्पंज उंदराने कुरतडला. त्या बंद हॉलमध्ये आम्ही चाळीस हेडफोन लटकत होतो आणि प्रत्येकात कोणी ना कोणी पैसे विचारत होतं.

शेवटी एक चौकशी अधिकारी आल्या. सगळे फोन कंपनीने ध्वनिमुद्रित केलेले होते, ते त्यांना ऐकायचे होते. त्यांनी टेबलावरचा पहिला हेडफोन उचलला, तो मी होतो. महिनाभर मी पुन्हा सगळं ऐकलं.

साखरताईंनाही बोलावलं गेलं. आवाज ओळखायचा म्हणून अधिकाऱ्यांनी मला पुढे केलं. ताईंनी मला डोक्यावर घातलं नाही. एक कान हातात धरून ऐकलं. त्यात त्यांचाच गोड आवाज होता, 'आपली रक्कम सुरक्षित आहे.'

"हो, मीच," त्या म्हणाल्या. "खरं कळल्यापासून एकशे चार दिवस आहेत. फक्त खरं बोलले तो शेवटचा दिवस लिहू नका, सगळे लिहा."

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला. तो मला डोक्यावर घालून बसला. त्याने फळीला लावलेला तो फोन तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा 'ऐकतोयस ना रे?' आलं तेव्हा तो पुटपुटला, "ऐकत होतो."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, दादाने कोणा बाईला पढवून बोलायला लावलंय."

"आता पटलंय ना? सांगा की त्यांना."

"सांगितलं. फळीही काढली." त्याने मला डोक्यावरून काढलं. "पण दादा अजून फळी असल्यासारखाच बसतो. त्याच्या बाजूला माझं एखादं हत्यार राहिलं, तर उठून माझ्या बाजूला आणून ठेवतो. मागतो काहीच नाही."

त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तो उठून गेला.

कंपनीच्या खुर्च्या, पंखे, पडदे आणि आम्ही हेडफोन, सगळ्यांचा लिलाव झाला. आलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले. काकांच्या वाट्याला प्रवेश फीइतकेही आले नाहीत, असं लिलाववाले बोलत होते. त्यात माझीही किंमत होती. फार नसेल, पण मी माझ्याकडून दिली. मला तुमच्या शाळेने घेतलं, आणि गणिताचे पाढे व परक्या भाषांचे धडे माझ्यातून जाऊ लागले.

मित्रांनो, माझी वायर गुंडाळून ठेवा, मला खुंटीला अडकवा, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. कधीतरी कोणी तुम्हाला विचारेल, 'काही कळलं का?' तुम्हाला कळलेलं असेल आणि समोर कोणीतरी छापील वाक्य धरलेलं असेल. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा. साखरताईंनी सांगितलं, आणि त्या चांगल्या होत्या. पण त्यांनी एकशे चाराव्या दिवशी सांगितलं, आणि तोपर्यंत फळीचे खिळे ठोकून झाले होते.