लाल ठिपक्याचे दोन डायोड

स्वप्नीलच्या वहीतलं पान, पेन्सिलीने:

गिटारचं डिस्टॉर्शन पेडल. एल्रॉयसाठी.
गेनचा पॉट पाचशे के. (एक मेग लावला तर किंचाळतं.)
टोनचा कपॅसिटर आधी बावीस नॅनो, मग सत्तेचाळीस. आता खालचा सूर भरून येतो.
डायोड दोन, जर्मेनियम. कायतान अंकलचे.

शेवटची ओळ खोटी आहे. बाकी पान खरं.

*

एल्रॉयचे वडील कायतान अंकल चाळीस वर्षं गिरगावात रेडिओ दुरुस्त करत होते. शंभरेक जुने डायोड मीटरवर मोजून त्यांनी दोन अगदी जुळे काढले होते आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. काड्यापेटीत, कापसात गुंडाळून त्यांनी ते स्वप्नीलच्या हातात ठेवले.

"पोराच्या पेडलमध्ये घाल. मला आता धड ऐकू येत नाही. पण ते आत आहेत एवढं ठाऊक असलं की झालं."

*

करी रोडच्या आपल्या खोलीत स्वप्नीलने ते आधी स्वतःच्या पेडलमध्ये लावले. नुसते ऐकायला, एका संध्याकाळपुरते.

सूर फाटत नव्हता, उसवत होता. मऊ, धाग्याधाग्याने.

दुसऱ्या दिवशी परळला त्याच्या बँडची प्रॅक्टिस होती, तेव्हा राहू दिले. मग आणखी एक प्रॅक्टिस. मग एल्रॉयचा फोन, "भावा, रविवारी आणतोयस ना?"

शनिवारी त्याने एल्रॉयच्या पेडलमध्ये लॅमिंग्टन रोडवर मूठमूठ मिळतात तसले साधे सिलिकॉनचे डायोड लावले आणि वरून काळं, वाळून दगड होणारं इपॉक्सी ओतलं. कोणी नक्कल करू नये म्हणून काही पेडलवाले सर्किटवर असं ओततात. स्वप्नील त्यांना कायम हसायचा. एवढं काय लपवायचंय यांना, म्हणायचा.

इपॉक्सी वाळेपर्यंत तो समोर बसून होता.

*

रविवार. आपल्या घरी पुढच्या खोलीत एल्रॉयने पेडलचं बटण दाबलं आणि गिटारच्या तारा छेडल्या.

कायतान अंकलनी बशीतून मान वर केली. "ऐकू आलं मला."

"घ्या," एल्रॉयची आई, जसिंता आंटी म्हणाल्या. "दारावरची बेल ऐकू येत नाही आणि हे येतं."

"तुझेच डायोड आहेत, डॅडी," एल्रॉय म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

"परत वाजव."

त्याने वाजवलं. अंकल स्वप्नीलकडे बघत म्हणाले, "जर्मेनियम सूर लवकर कापतं. त्याचा आवाज बसका निघतो. माझ्या कानाला तो इथवर पोचायला नको." मग जरा थांबून, "उघड बघू."

स्वप्नीलने चार स्क्रू काढले. आत काळा, चकचकीत दगड. अंकलनी त्यावर नख ओढलं आणि झाकण स्वतः लावलं, चारही स्क्रू घट्ट केले.

"स्वच्छ काम आहे," ते एल्रॉयला म्हणाले.

स्वप्नीलकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी शिवी दिली असती तर तो जिना उतरून गेला असता. आंटींनी त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा वाढला. पहिला अजून तसाच होता.

*

तो जिना उतरला. अर्धाच.

त्याचं स्वतःचं पेडल पाठीवरच्या बॅगेत होतं.

*

वर येऊन त्याने ते टेबलावर उघडलं. आत काळं काही नव्हतं. काचेचे दोन डायोड, दोन लाल ठिपके.

"ही माझी नेलपॉलिश," जसिंता आंटी म्हणाल्या. "लग्नातली. संपवली होती मेल्याने."



"मग माझ्यात काय आहे?" एल्रॉयने विचारलं.

"साधे. सिलिकॉनचे."

"आणि ते काळं?"

स्वप्नीलने केकच्या बशीकडे बघितलं. "तू उघडलंस तर दिसू नये म्हणून."

स्वप्नीलने पेडल पुढे सरकवलं. "हे ठेव तू."

"तुझं पेडल नको मला," एल्रॉय म्हणाला. आवाज चढला नव्हता. "डॅडीचे डायोड काढून दे."

*

अंकलनी आतून सोल्डरिंग गन आणली, चिमटा आणला.

"पाय चिमट्याने धर. उष्णता चिमट्यात जाऊ दे. काच तापली तर गेले."

गेले तर दुसरे मिळणार नव्हते. ते मोजणारे अंकलचे डोळेही आता तसे राहिले नव्हते. स्वप्नीलने पहिल्या डायोडचा पाय धरला. चिमटा काचेवर टकटक वाजायला लागला. अंकल शेजारीच बसले होते, त्यांचा हात टेबलावर स्थिर होता.

ते मदत करतील म्हणून स्वप्नील थांबला.

"कर," अंकल म्हणाले. "तूच लावलेस ना."