दहा ते बाराचं ऊन

माझं टेबल घरभर फिरत असतं. आधी ते खिडकीपाशी होतं, मग दारापाशी आलं, मग महिनाभर गॅलरीत राहिलं. तिथे वाऱ्याने धागे उडायला लागले तेव्हा मी ते पुन्हा ओढत आत आणलं. शेजारचे निवृत्त मास्तर हसून म्हणाले, मांजर पिल्लांना घेऊन सात घरं फिरतं, तसं चाललंय तुमचं. मी म्हटलं, मांजराच्या तोंडासमोर कोणी पाच मजले बांधत नाही.

मी रफू करते. सदतीस वर्षं झाली. सासऱ्यांनी शिकवलं, आणि त्यांची रीत मी सोडलेली नाही. भोक बुजवायला बाहेरचा धागा आणायचा नाही. त्याच कपड्यातून काढायचा, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून. शिवणीच्या आतून, खिशाच्या मागून, कॉलरच्या खालून. पण आतला धागा उन्हात विटलेला नसतो, म्हणून तीन ठिकाणचे तीन धागे काढून कपड्यावर ठेवायचे आणि दिवसाच्या उजेडात कोणता मिसळून जातो ते पाहायचं. दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही. सासरे म्हणायचे, दिवा लबाड असतो, सगळ्यांना गोरं करतो.

आमच्या गल्लीत अकरा घरं, सगळी एकमजली नाहीतर दुमजली. समोर लाकडाची वखार होती, ती बंद पडली आणि तिथे खड्डा खणला गेला. मग सकाळी सातपासून ठोकाठोक. एक मजला झाला तेव्हा माझं सकाळचं पहिलं ऊन गेलं. तिसरा झाला तेव्हा नऊचं गेलं. मी दर स्लॅबला खिडकीत उभी राहून घड्याळ बघायची, सुई हातात घेऊन, आणि काम तसंच पडून राहायचं. पाचव्या मजल्यावर त्यांनी हिरवी जाळी लावली आणि माझी खोली शेवाळल्यासारखी झाली. पांढरा शर्टसुद्धा आजारी दिसायला लागला.

दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी लेक यायची. ती दवाखान्यात नर्स आहे, जावई बस चालवतात, आणि त्यांचं भाड्याचं घर दोन बस बदलून यावं लागतं इतकं लांब. आली की मी तेच गाऱ्हाणं घालायची: तू जवळ असतीस तर नात माझ्यापाशी राहिली असती, शाळेतून थेट इथे आली असती. ती म्हणायची, बघू. अलीकडे ती खिडकीत उभी राहून समोर बघत राहायची. जिना कुठल्या अंगाला आहे, लिफ्ट किती येणार, असलं काहीबाही विचारायची. मला वाटलं, आईचा उजेड गेला म्हणून पोरीचा जीव तुटतोय.

त्याच हिरव्या दिवसांत वकीलबाईंचा काळा कोट आला. कोपरापाशी खिळ्याने फाटलेला. काळ्यासारखा अवघड रंग नाही; एक काळा निळसर असतो, एक तपकिरी, आणि दोघं शेजारी बसले की भांडतात. त्यात आभाळ भरलेलं; मी दोन दिवस उजेडाची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, उद्या कोर्टात हवाय. मी ट्यूबलाइट लावली आणि धागा निवडला.

आठवड्याने बाई कोट घेऊन परत आल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना कोणीतरी विचारलं होतं, बाहीवर चहा सांडलाय का. मी कोट दाराबाहेर नेऊन उन्हात धरला आणि माझा मलाच तो डाग दिसला, तपकिरी, अंगठ्याएवढा. सदतीस वर्षांत परत आलेला पहिला कपडा. मी जेवले नाही त्या दिवशी.

आणि दुसऱ्याच दिवशी मास्तर नोटीस घेऊन आले. बिल्डरने सहावा मजला मागितला होता. हरकती असतील तर तीस दिवसांत कळवा. मास्तर चष्मा सावरून वाचत होते. मी विचारलं, उंची किती वाढणार? त्यांनी सांगितली. मी मनात हिशेब केला: पाचावर थांबले आणि जाळी निघाली तर दहा ते बारा ऊन मिळेल, सहावा चढला तर तेही नाही. पुढे मास्तर वाचतच होते, सवलतीत घरं, छोटी घरं, कर्मचाऱ्यांसाठी, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, आता कोण कोण येऊन बसणार देव जाणे. मी म्हटलं, हो ना, देव जाणे.

लेकीला मी कोटाचं किंवा हरकतीचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तेच ऐकवलं असतं, सोड आता हे काम, डोळे जातील. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ती नेहमी म्हणते. म्हटलं, एकदा दाखवू हिला भिजवून.

सुनावणीला गल्लीतली नऊ माणसं गेली. मास्तरांनी पाण्याच्या दाबावर पाऊण तास भाषण केलं. सुनावणी घेणारे साहेब जांभई दाबत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वकीलबाईंकडून एका दिवसापुरता मागून आणलेला तो कोट साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, यात मी रफू केलंय, शोधून दाखवा. ट्यूबलाइटखाली त्यांनी बाह्या उलटसुलट केल्या, चष्मा काढला, घातला. सापडेना. मग मी त्यांना खिडकीपाशी बोलावलं. त्यांनी कोट उजेडात धरला आणि लगेच बोट ठेवलं.

मी म्हटलं, "साहेब, मी उजेडावर पोट भरते. आमच्या गल्लीत आहेत तेवढी माणसं पुरे आहेत. आणखी कशाला?"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बिल्डरचा माणूस घरांबद्दल बोलायला लागला, पण साहेब अजून कोटाकडेच बघत होते.

महिन्याने निकाल आला. सहावा मजला नामंजूर. मास्तर गल्लीभर सांगत सुटले की मावशींच्या कोटाने मजला उतरवला. मी वरवर नको नको म्हणत होते आणि आतून फुगले होते. पुढच्या आठवड्यात जाळी उतरली, आणि सकाळी दहा वाजता ऊन समोरच्या गच्चीवरून थेट खोलीत आलं. मी टेबल खिडकीपाशी नेलं. वकीलबाईंचा कोट मागवून घेतला, जुना धागा उसवला आणि कॉलरखालचा नवा काढून पुन्हा भरला.

लेक त्या आठवड्यात आलीच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली ती एकटी, सुट्टीच्या दिवशी नव्हे, अचानक. हातात पिशवी होती. खुर्चीवर न बसता ती खिडकीपाशी उभी राहिली.

"आई, समोर सहाव्या मजल्यावर चौदा घरं होती. लहान. दवाखान्यातल्या, बसवाल्या लोकांसाठी. त्यातलं एक आम्हाला लागलं होतं."

मी टेबलाची कड धरली.

ती सांगत गेली. अर्ज दोन वर्षांपूर्वीचा, सोडतीत नाव लागलेलं, फक्त मजल्याची मंजुरी यायची राहिली होती. किल्ली हातात पडेपर्यंत मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, कारण मी संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगितलं असतं. आता मजलाच नाही म्हटल्यावर घर नाही. भाड्याचं घर मालकाने सोडायला सांगितलेलं, म्हणून जावयांनी बदली मागून घेतली आहे. रेल्वेने दिवसभर लागतो तिथे जायला. तिलाही तिथल्या दवाखान्यात घेताहेत. येत्या रविवारी निघायचं.

"कुणीतरी उजेडाची हरकत घेतली म्हणे," ती म्हणाली.

लोक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, मी तो वाजतगाजत नेऊन पाडला होता. सांगायला हवं होतं. ती याच घरात वाढलेली. या टेबलाखाली बसून तिने पाढे पाठ केले. तिने टेबलाकडे पाहिलं, टेबलावर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वेळ मिळतं?"

"दहा ते बारा."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं गं. ती म्हणाली, माहीत आहे मला. आणि मग पिशवीतून नातीचा शाळेचा निळा कोट काढला. खिशाचा कोपरा फाटला होता. नव्या शाळेतही निळाच चालतो, नवा घ्यायला नको, तू करून दे, म्हणाली.

मी कोट उलटा केला. शिवणीच्या आतून एक धागा काढला, खिशाच्या मागून एक, कॉलरखालून एक. तिन्ही खिशापाशी ठेवले. लेकीने न सांगता कॉलरखालचा उचलला, लहानपणी उचलायची तसा, आणि सुई ओवून माझ्या हातात दिली. तिने कापड ताणून धरलं. मी धागा भरत गेले. समोर कोणीतरी पाचव्या मजल्याच्या खिडक्यांना काचा बसवत होतं.

काम झाल्यावर तिने कोट उन्हात धरून सगळीकडून पाहिला. मीही पाहिला. रफू कुठे आहे ते दोघींनाही सापडलं नाही. तिने कोट घडी करून पिशवीत ठेवला, वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.

मी जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. परत येऊन टेबलाशी बसले. बारा वाजायला अजून वीस मिनिटं होती आणि ऊन अख्ख्या टेबलभर पसरलेलं होतं.