खुशीची गाडी

दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. नानाजींच्या अंगणात विजेवरची पांढरी कार येऊन उभी राहिली आणि त्यांच्या पत्नी कोकिळाबाई शेवयांचं पीठ लागलेले हात धुऊन आरतीचं ताट घेऊन आल्या. गाडी जुनी होती, पण धुतलेली. मागच्या काचेवरून कोणाच्या तरी लग्नाची नावं खरवडून काढली होती. ऊन तिरपं पडलं की ‘उर्वशी’ एवढं अजून वाचता येत होतं. ते कोणी वाचलं नाही. लग्नघरात माणसं हवं तेवढंच वाचतात.

राळेगावच्या उकंडरावांनी आपल्या मुलासाठी, अंकुरसाठी, काहीच मागितलं नव्हतं. हल्ली मागत कोणीच नाही. बैठकीत सुपारी कातरता कातरता ते एवढंच म्हणाले होते, "आमचं काई म्हननं नाई, इवाई. तुमच्या खुशीनं पोरीले गाडी द्यान तं द्या. तिच्याच कामी येईन." तेव्हापासून चार महिने नानाजींची खुशी जुन्या गाड्यांचे बाजार हिंडत होती.

नानाजी एस.टी. डेपोतले मेकॅनिक, तीस वर्षं इंजिनाला कान लावून रोग सांगितलेले. लोहाऱ्याकडच्या बादल दलालाच्या पटांगणात त्यांनी या गाडीलाही कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. "निरोगी हाय," ते म्हणाले. मुकी गाडी ते पहिल्यांदाच तपासत होते. इथं आपला कान चालत नाही हे त्यांना कळत होतं, पण लग्नाची तारीखही कळत होती.

गाडी अंगणात आली तेव्हा स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर एक पिवळं कासव उजळलं होतं. कोकिळाबाईंना बरं वाटलं. देवळाच्या दारातही असतंच. त्यांनी त्यावर कुंकू लावलं.

लग्नाला नऊ दिवस उरले तेव्हा त्यांची मुलगी, नवरी सुरभी, आईला घेऊन त्याच गाडीनं यवतमाळला बस्ता बांधायला गेली. परतताना चढावर गाडीचा जोर गेला आणि भर रस्त्यात ती थांबली. मागून आलेल्या ट्रकनं कशीबशी बगल दिली. आरसा तेवढा गेला. त्या घरी येताच नानाजींनी बादलला फोन लावला.

"मोटरच खराब हाय, काकाजी. ते पिवळं कासव त्याचाच इशारा हाय," बादल फोनवर शांतपणे म्हणाला. "नवी टाकाची तं गाडीएवढी पडते. मी मशीन लावून ते कासव मिटवून देतो. महिना-दीड महिना निंगून जाते. तवरीक लगीन होऊन जाईन."

नानाजी "बरं" म्हणाले. हिशेब त्यांना पटला होता. उकंडरावांनी गोड बोलून गाडी काढली, आपण गोड बोलून बिघडलेली देऊ, फिटंफाट.

सुरभी तिथंच ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, गाडी त्याईले देऊन राह्यले. पन तिच्यात बसन कोन?"

नानाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चार महिन्यांत हा प्रश्न त्यांच्या हिशेबात कुठंच आला नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी उकंडरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. कासव, चढ, ट्रक.

"गाडी अंकुरच्या नावावर चढली ना पन?" उकंडरावांनी विचारलं. ते ओट्यापर्यंत ऐकू आलं.

सुरभीनं फोन हातात घेतला. "मामाजी, नाई चढली. अन् आता चढनार नाई. आमची खुशी सरली. अंकुरले इचारा, मी एस.टी.नं आली तं चालते का."

अंकुर जवळच असावा. "बाबा म्हनतीन तसं," असं ऐकू आलं.

"मंग बाबासंगंच राहा," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. कोकिळाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मग सूप ओढून त्याही सोलायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादल आला. "अर्ध्या भावात वापस नेतो. तोंड काहून पाडता काकाजी? पुढच्या लगीनसराईत एखाद्या पोरीचा बाप येतेच."

सकाळच्या तिरप्या उन्हात नानाजींची नजर मागच्या काचेवर गेली. "अन् ते उर्वशी?"

"कोन?"

"काचेवरची. तिचं काय झालं?"

"मले काय माईत? मी गाड्या इकतो."

आपणही विचारलं नव्हतं, हे नानाजींना आठवत होतं. "नाई देत," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी चुन्याचा डबा आणला, आणि डेपोत बिघडलेल्या बसवर लिहीत तसं पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलं: नादुरुस्त. खाली बारीक अक्षरात: कोणाच्या पोरीले देऊ नका.

गाडी अजून तिथंच आहे. गल्लीत सात घरांपुढं अशाच खुशीच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांचे मालक बाजाराला जाताना ते वाचतात आणि जरा भरभर चालतात. ऊन-वाऱ्यानं चुना उडतो. दर बाजाराच्या दिवशी नानाजी डबा घेऊन बाहेर येतात. हात दुखतो, कंटाळाही येतो. ते अक्षरं पुन्हा गिरवतात.