बटण कुणी मोडलं, ते मला ठाऊक होतं

मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, पण आवाज अजून खणखणीत. तरी मित्रांनो, एकदा बोलायला हवं होतं तेव्हा मी मूग गिळून बसलो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पायथ्याशी एक गोल बटण होतं. ते दाबलं की कुठूनही पहिल्या पडद्यावर येता येई. मला घेतलं गणवेश शिवणाऱ्या एका सासूबाईंनी. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात प्लास्टिकचं टोपण. फोन संपला की त्या टोपणानंच माझ्या बटणावर टक्‌कन हाणायच्या. सहा वर्षं हाणलं. वर "गुणाचं पोर आहे माझं!" म्हणायच्या. मीही फुशारून मार विसरायचो.

एके दिवशी बटण आत बसलं ते वर आलंच नाही. तीन गिऱ्हाइकांसमोर सासूबाई सुनेवर कडाडल्या, "तुझ्या हाती काही टिकतं का गं? चांगल्या वस्तूची माती केलीस!"

सून आठवड्यातून एकदा आईला फोन लावायची, तोही फुलासारख्या बोटानं. तिनं मला हात लावणंच सोडलं. तिच्या आईचे फोन वाजून वाजून थांबायचे. लोकांच्या गप्पा दिवसभर वाहणारा मी, पण तिच्या बाजूनं माझ्यातून एक शब्द निघाला नाही.

सासूबाई मात्र दर फोननंतर अडकायच्या. शेवटी सुनेलाच पाहवेना. तिनं सेटिंग उघडलं, 'सुलभता'मध्ये जाऊन एक खटका चालू केला. माझ्या काचेवर गोल ठिपका उमटला.

"आई, बटणाचं काम आता हा करेल."

सासूबाईंनी सवयीनं टोपण हाणलं. ठिपका ढिम्म.

"हाही मोडलास?"

"टोपण काढा, आई. काचेला उघडं बोट लागतं."

टोपण निघालं. सासूबाईंची नजर जुन्या बटणावर गेली. त्यावर टोपणाच्या टोकाएवढे खळगेच खळगे. मग त्या दिवशीच्या तीन गिऱ्हाइकांतल्या एकीला त्यांनी फोन लावला.

"त्या दिवशी सुनेला बोलले, ते चुकलं. बटण मीच ठेचलं. एरवी नको ते गावभर करता, आता हेही करा."

सुनेनं डोळे पुसले. "आईला फोन लावू?"

"विचारतेस काय? लाव!"

मित्रांनो, वस्तू हळू हाताळा. आणि मोडली, तर आधी आपलं बोट बघा. दुसऱ्यावर आळ येताना गप्प राहिल्याची बोच मला अजून आहे. पण मला स्वतःचं तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.